जीवरामच्या गोदामातली टिकटिक

३ जून १९८७, बुधवार

जीप गेली. सकाळी सातच्या आत, चहाही न घेता. महिनाभर ही सरकारी मंडळी जीवरामच्या गोदामात खोकी ठेवून होती. रोज सातपुड्याकडे जायची, दगड आणायची, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायची. कशासाठी? कोणी सांगेना. परवा मी त्या साहेबाला रस्त्यात अडवून विचारलं. म्हणे, "नेहमीचं काम आहे." मी साठीला आलो. या सावद्यात दगड वेचायला सरकार आलेलं मी तरी पाहिलं नाही.

जीवरामला विचारलं तर म्हणतो, त्यांनी भाडं दिलं, मी जागा दिली, मी कशाला विचारू? हा माणूस शाळेत माझ्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही कशालाच 'का' विचारत नसे.

गेल्या वर्षी रशियात अणुभट्टी फुटली. तिथलं सरकारही पहिले दिवस 'नेहमीचंच' म्हणत होतं. मी त्यावर मिळेल ते वाचून काढलंय. अणुभट्टीची राख हजारो वर्षं विझत नाही. ती कुठेतरी पुरावी लागते. आणि पुरायला कोणाचे डोंगर शोधतात? दिल्लीवाल्यांचे नक्कीच नाही.

५ जून

कॉलेजात जाऊन बन्सीलाल सरांकडून किरणं मोजायची पेटी आणली. सर पदार्थविज्ञान शिकवतात. भले, पण घाबरट. पेटीला वायरने जोडलेली धातूची नळी. आत वायू. तोंडाशी अभ्रकाचा पडदा, इतका पातळ की बोट लावायचं नाही. किरण आत शिरला की वायूच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, त्याने आणखी उडतात, आणि पेटी टिक म्हणते. एक किरण — एक टिक. मला ही कल्पना फार आवडली. डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास नाही, आणि तरी पकडला जातो.

सर म्हणाले, "काहीच नसलं तरी थोडी टिकटिक होणारच, भाऊ. आकाशातून येतात, जमिनीतून येतात."

काहीच नसलं तरी! हे वाक्य मला पटलं नाही.

६ जून

सापडलं.

आधी अंगणात पेटी लावली. थांबत थांबत टिकटिक. मग नदीकाठी, मग स्टेशनावर, जिथे केळीच्या वॅगनी भरतात तिथे. सगळीकडे तशीच, आळसावलेली. मग जीवरामच्या गोदामाच्या खिडकीत नळी धरली — आणि टिकटिक धावायला लागली! दुपटीहून जास्त. मी मागे सरलो, कमी. पुढे गेलो, जास्त. माझ्या कानांनी ऐकलं.

गजांतून आत पाहिलं. पोटॅशची पोती, छताला भिडलेली थप्पी. बाकी काही नाही. म्हणजे ते जे काही आहे, ते पोत्यांआड आहे.

जीवराम आला. "मृगाच्या लागवडीचं खत आहे रे भाईदास. दार उघडून दाखवू?" मी म्हणालो, खत कशाला टिकटिक करेल? तो हसला. पण कपाळावर घाम होता. घाम जूनमध्ये सगळ्यांनाच येतो म्हणा. हसू मात्र सगळ्यांना येत नाही.

७ जून

बन्सीलाल सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, गोदामात काय आहे? मी म्हणालो पोटॅशची पोती. ते म्हणाले, "पोटॅश? थांबा, मग मला एकदा बघू द्या. त्यात असं असतं की —" मी उठलो. परवा यंत्र आनंदाने देणारा माणूस आज थांबा म्हणतो. मधल्या काळात कोणाचा फोन आला? सरकारी पगाराचा मास्तर. पेटी परत द्या असंही म्हणाले. दिली नाही.

१० जून, बाजाराचा दिवस

सभा झाली. आणीबाणीनंतर इतकी माणसं मी एकत्र पाहिली नव्हती. माईक अय्युबचा. तो नेहमी आधी पैसे मागतो, आज मागितले नाहीत.

मी खूप चांगलं बोललो. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही. पेटी टेबलावर ठेवून तिची टिकटिक माईकवर ऐकवली. म्हणालो, ही या चौकातली टिकटिक. जीवरामभाऊंच्या खिडकीत हीच पेटी धावते. सरकारी पगाराचे मास्तर तुम्हाला सांगतील काही नाही म्हणून. सरकारी पगाराच्या माणसाचं कशाला मानता? किरणाला भिंत अडवत नाही. तो कातडीतून जातो, हाडात जातो. आईच्या पोटात जाऊन न जन्मलेल्याचे हातपाय मोडून ठेवतो. मग थांबलो. आणि म्हणालो, त्या भिंतीला डोकं लावून आखाजीला कोण झोपलं होतं, आठवून पाहा.

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. जीवरामची लेक शेवंता आखाजीच्या सणाला माहेरी आली होती, गोदामाला लागून असलेल्या खोलीत पंधरा दिवस झोपत होती, आणि आता भडगावला सासरी चौथ्या महिन्यात आहे — हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. चौकात अशी शांतता पडली की पेटीची एकेक टिक ऐकू येत होती.

वायर गुंडाळताना अय्युबने हळूच विचारलं, "भाऊ, आमच्या शहजादीनं काल त्यांच्याकडून ताक आणलं. ते पिऊ का फेकू?"

फेक म्हणालो.

११ जून

जीवरामच्या बागेत आज कटाईला एकही मजूर गेला नाही. घड झाडावरच.

१३ जून

बेबा माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती. आज बोलली. बायको म्हणून तिला तो हक्क आहे. जीवरामची बायको विहिरीवर आली की बाया हंडे उचलून निघून जातात. तिने हात लावलेला दोर कोणी धरत नाही. मी म्हणालो, लोक सावध झाले, यात वाईट काय?

"तुम्ही त्या पोरीचं नाव घेतलं."

"नाव घेतलं नाही मी."

"मग सभेत बायांनी माझ्याकडे वळून का पाहिलं? मी तिले अंगाखांद्यावर खेळवलं म्हणून?"

चळवळीत काही गोष्टी बोलाव्याच लागतात. पण एक गोष्ट दिवसभर डोक्यात आहे. विटाळाविरुद्ध मी आयुष्यभर बोललो. दुसऱ्यांच्या आळीतला दोर धरून पाणी काढलं, त्यासाठी भाऊबंदांनी मला वाळीत टाकलं होतं. दोर न धरणं म्हणजे काय, मला कोणी शिकवायला नको.

१५ जून, सोमवार

जीवराम दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"भाईदास, शेवंताले तिच्या सासरचे धुळ्याले नेऊन राहिले. डॉक्टरकडे. लेकरू ठेवत नाही म्हनता."

कधी, म्हणून विचारलं. पुढल्या सोमवारी. मी म्हणालो, याचं पाप सरकारचं आहे, आणि तुझं, जागा दिलीस म्हणून. तो ऐकून घेऊन म्हणाला, "तुही पेटी घेऊन ये. बठ्ठे पोते उचलून पाहा. एक बी सोडू नको. जे सापडन ते मी माह्या हातानं फेकतो. फक्त लवकर ये."

रडला नाही. ओरडला नाही. खोटं बोलणारा माणूस पोती उचलायला बोलावतो का? बोलावतोही. काल रात्रीच काढून टाकलं असेल तर बोलावतो.

१६ जून

मजूर कोणी आलं नाही. जीवराम आणि त्याचा भाऊ उखर्डू, दोघांनी पाठीवर एकेक पोतं घेऊन सारी थप्पी अंगणात नेली. दुपारपर्यंत गोदाम मोकळं. फरशीवर नळी फिरवली, कोपरे पाहिले, भिंती पाहिल्या. टिकटिक माझ्या अंगणातल्यासारखी. आळसावलेली.

मग बाहेर गेलो. अंगणातल्या ढिगाशी नळी नेली, तर पेटी पुन्हा धावायला लागली.

म्हणजे पोत्यातच! मी चाकू मागितला. एक पोतं फाडलं, हात घालून ढवळलं. गुलाबी-पांढरे दाणे. दुसरं फाडलं. तेच. जे फाडलं नव्हतं, त्यापाशीही तीच धाव. उखर्डू म्हणाला, "भाऊ, खत मातीत चाललं."

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. यांनी पुरायची जागा शोधलीच नाही. यांनी राख खतात मिसळली! आमच्याच हातांनी आमच्याच शेतात पेरायला लावतात! मी चाकू जमिनीत रोवला. रागाने, आणि खरं सांगायचं तर आनंदानेही. याहून मोठं काही मी आयुष्यात शोधलं नाही. उद्या अय्युबला सांगून ठेवतो.

१७ जून

अय्युबला सांगितलं नाही.

सकाळी पेटी मोरीशेजारी ठेवली होती, सहज. टिकटिक वाढलेली वाटली. नळी फिरवत गेलो तर भांडी घासायच्या राखेच्या डब्यापाशी पेटी खतापाशी धावली तशीच धावली. माझ्या घरात! मी बेबाला हाका मारल्या. ही राख कुठली? जीवरामकडची का?

"आपल्या बागेतली. केळीची वाळली पानं, सोपटं जाळली की करते ना दरसाली. ही दिवाळीतली."

जीप आली मे महिन्यात. राख दिवाळीतली. आणि आमची.

मी मोरीतच बसलो. मग एकेक करून पाहिलं. राख ताटात पसरली, वर कागद धरला, फरक नाही. वर स्टीलचं ताट झाकलं, टिकटिक बरीच बसली. दोन ताटं झाकली, टिकटिक जवळजवळ अंगणातल्याइतकी. उचललं की पुन्हा धाव. मीठ लावून पाहिलं, काही नाही. पीठ, काही नाही. गोवऱ्यांची राख, थोडीशी. केळीची, भरपूर. सून सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात नातवाला कडेवर घेऊन बघत उभी होती. मी तिला म्हणालो, आत जा, लेकराला इथे आणू नको. तिने विचारलं, "मग भांडी कशानं घासू, आबा?"

फैजपूरला जाऊन दुसऱ्याच दुकानातून मूठभर पोटॅश आणलं. धावलं.

'त्यात असं असतं की —' असं सर म्हणत होते.

१८ जून

बन्सीलाल सरांकडे गेलो. या वेळी वाक्य पुरं होऊ दिलं.

पोटॅशियमचे अणू तीन तऱ्हेचे असतात. दहा हजारांत एखादा तिसऱ्या तऱ्हेचा. पृथ्वी झाली तेव्हापासूनचा. तो कधीतरी आपोआप फुटतो आणि फुटताना किरण फेकतो. कोणी मिसळावा लागत नाही, कोणाला काढताही येत नाही. केळ पोटॅशियम ओढून घेते म्हणून आपण तिला पोटॅश घालतो. पान जाळलं की बाकी सारं उडून जातं, पोटॅशियम राखेत साचतं. सरांनी प्रयोगशाळेतली पोटॅशियमच्या क्षाराची जुनी धुळकट बाटली काढून नळीखाली धरली. तीही टिकटिकली. ही बाटली तर त्या रशियन भट्टीच्याही आधीची.

"तुमच्या अंगातही आहे, भाऊ. माझ्याही. शरीर लागतं तेवढं ठेवतं, बाकी बाहेर टाकतं. प्रत्येक आईच्या पोटात आहे, पहिल्या आईपासून."

शेवंताचं विचारलं. म्हणाले, भिंतीपलीकडच्या पोत्यांनी पंधरा दिवसांत जे दिलं, त्याहून जास्त महाबळेश्वरला राहणाऱ्याला आकाश देतं. तिथे बायका बाळंत होतातच.

मी म्हणालो, तुम्ही आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सांगत होतो. तुम्ही उठून गेलात."

परत येताना बसमध्ये जाणवलं, मी अजूनही त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का, ते शोधत होतो.

१९ जून

सभा घेतली. माणसं कमी. मी सगळं सांगितलं. पोटॅश, राख, ताट, पृथ्वीचं वय. म्हणालो चूक माझी, जीवरामच्या घरी काही नाही. राखेचा डबाही नेला होता, पेटीपुढे धरला. पेटी धावली तशी पुढच्या ओळीतली माणसं मागे सरकली!

मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, जीवरामनं काय पाजलं आज?" हशा. दुसरा म्हणाला, हे कोणी सांगितलं? मी म्हणालो बन्सीलाल सरांनी. "सरकारी पगाराचे ना ते?" पुन्हा हशा. माझंच वाक्य, माझ्याच चालीत.

अय्युब हसला नाही. वायर गुंडाळत म्हणाला, "भाऊ, मी दोन्ही वेळेस माईक लावला. तुम्ही दोन्ही वेळेस सारखंच जोरात बोलले. आम्ही ओळखायचं कसं?"

२० जून, शनिवार

भडगावला जाऊन आलो. तीन बस बदलून.

शेवंताच्या सासूने बसवलं, चहा दिला. जीवरामचा जावई, पुना, ओट्यावर खाली मान घालून बसलेला. शेवंता दारात. तिचं ताट वेगळं ठेवलेलं मी पाहिलं. अंथरूणही पडवीत. मी सगळं सांगितलं. म्हणालो, अक्का, उन्हात वाळत घातलेलं धोतर रात्री उजेड देतं का? ऊन पडतं, निघून जातं. किरणांचंही तसंच आहे, ज्या अंगावर पडले ते अंग काही किरण फेकायला लागत नाही. पोरीला शिवल्याने कोणाला काही होणार नाही, आणि तिच्या पोटातल्याला तर मुळीच काही झालेलं नाही.

म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुमनं बठ्ठं खरं व्हई, भाऊ. पहिले सांगं ते बी खरंच वाटे. तुमना घरमा तान्हं लेकरू शे ना? त्याले त्या खोलीमा झोपाडा. ते पोता भिंतले लाईसन. सोमवारना धुयानं जाणं आमी थांबाडतस. मंगळवारले येसूत, देखसूत. लेकरू तठे दिसनं तं आमनं बी राही."

मी काही बोलणार, तेवढ्यात शेवंता पहिल्यांदा बोलली. "काका, भाषण नका करू. हो का नाही, तेवढं सांगा."

माझा नातू त्या खोलीत झोपलेला दिसला तर धुळ्याला जाणं रद्द, शेवंताचं लेकरू राहील. हो, म्हणालो. क्षणभरही न थांबता. माझ्या बोलण्याला आता एवढीच किंमत उरली आहे आणि ती मी देईन.

२१ जून

घरी सांगितलं. सुनंदाने ऐकलं. एकच विचारलं, "तुम्हाले पक्कं माहीत आहे ना, आबा?"

पक्कं, म्हणालो. तिने लेकराची दुपटी आवरायला घेतली.

मी आधी एकटा गेलो, खोली पाहायला. जीवरामने पोती पुन्हा गोदामात लावली होती, भिंतीला चिकटून, म्हातारी म्हणाली तशी. चार पोती खोलीतच, पाळण्याच्या जागेशेजारी. फाडलेली दोन सुतळीने शिवलेली. मी नळी धरली. धावली. प्रत्येक टिक का येते, मला आता माहीत आहे. तिचं वय माहीत आहे. ती माझ्या मनगटातूनही निघते हे माहीत आहे. तरी पाळण्याच्या उंचीवर नळी धरली आणि बराच वेळ ऐकत राहिलो. सरांचा हिशेब चुकला असेल तर? ही पोती परदेशातून वेगळ्या जहाजाने आलेली असतील तर? त्या साहेबाने चहा का नाही घेतला?

घरी येऊन म्हणालो, पोराचं नाक वाहतंय, उद्या नेऊ.

बेबाने नातवाचं नाक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

२२ जून

आज ऊन फार आहे म्हणालो.

२३ जून, मंगळवार

उठलो तर घरात कोणी नाही. बेबा आणि सुनंदा मला न विचारता पोराला घेऊन गेल्या होत्या. मी धावत जीवरामकडे पोचलो तेव्हा भडगावची मंडळी ओसरीवर बसली होती. आत खोलीत, पोत्यांशेजारच्या पाळण्यात, नातू गाढ झोपलेला. शेवंता दोरी धरून. म्हातारी सगळ्यांदेखत जीवरामच्या घरचं ताक प्यायली आणि म्हणाली, धुयानं जाणं नही आते. जीवराम माझ्यापर्यंत चालत आला. "ये ना भाईदास, आत ये."

मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो — आधी पोराला बाहेर द्या.